कामापुरतं इंग्रजी : ‘डोन्ट’मधला वरचा टाका



मागच्या दोन अंकांत आपण पासबुकातले इंग्रजी शब्द बघितले. क्रेडिट कुठलं, डेबिट कुठलं, बॅलन्स कुठे छापतात. बऱ्याच गटांनी बैठकीत ते मोठ्यानं वाचून घेतले, असं सीआरपी तायांनी कळवलं. या वेळी शब्द नाही, एक चिन्ह घेतेय. इतकं बारीक की मोबाईलच्या काचेवर ओरखडा पडलाय असं वाटावं. इंग्रजी शब्दाच्या मध्येच, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखं लोंबतं. असं : ’

त्याचं नाव अपॉस्ट्रॉफी. नाव पाठ करायची गरज नाही. मांगरूळकडच्या एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, “टाका घातल्यासारखं दिसतंय.” तेव्हापासून आम्ही त्याला वरचा टाका म्हणतो. या लेखातही तेच म्हणणार आहे.

एक सूचना आधीच देते. आपला अंक मराठी अक्षरांत छापला जातो, म्हणून इंग्रजी अक्षरं मी नावानं लिहिणार आहे. डी-ओ-एन-’-टी, असं. वाचताना शेजारी वही ठेवा आणि ती अक्षरं इंग्रजीत उतरवून घ्या. घरात पाचवी-सहावीतलं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे मुलांना अक्षरं येतात. आपल्यातल्या चाळिशीच्या तायांना मात्र इंग्रजी पाचवीत भेटलं, आणि कितीतरी जणींची शाळा त्याच्या आसपासच सुटली. त्यामुळे पोराकडून शिकायला लाजायचं नाही. तो शिकवताना ओरडला तर त्याचा अभ्यास घेताना आपण किती ओरडतो ते आठवायचं.

दोन्ही बटणांवर ‘अलाऊ’

नव्या अँड्रॉइड फोनमध्ये एखादं ॲप सुरू केलं की स्क्रीनवर एक चौकट येते. या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट बघू द्यायचे का, असं ती विचारते. कॉन्टॅक्ट म्हणजे फोनमध्ये साठवलेले सगळे नंबर. माहेरचे, सासरचे, गटातल्या दहाजणींचे, मुलांच्या शाळेतल्या बाईंचे. चौकटीत दोन बटणं असतात. वरचं ‘अलाऊ’, म्हणजे ए-एल-एल-ओ-डब्ल्यू. खालचं ‘डोन्ट अलाऊ’, म्हणजे आधी डी-ओ-एन-’-टी आणि मग पुन्हा तेच ए-एल-एल-ओ-डब्ल्यू.

मोबाईलच्या प्रशिक्षणात एका ताईंनी मला विचारलं, “मॅडम, दोन्हीकडे अलाऊच लिहिलंय ना? मग कुठलंही दाबलं तरी एकच.”

त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. अलाऊ हा शब्द त्यांना ओळखू येत होता आणि तो दोन्ही बटणांवर होता. त्याच्या आधीचा लहान शब्द त्यांनी सोडून दिला, जसं आपण नाव वाचताना आधीचं ‘सौ.’ सोडून देतो. पण इथे सगळा अर्थ त्या लहान शब्दातच आहे. अलाऊ म्हणजे परवानगी देते. डोन्ट अलाऊ म्हणजे देत नाही.

त्या दिवशी बोलणं चाललं होतं ते झटपट कर्जाच्या ॲपबद्दल. आधार आणि पॅनचा फोटो टाका, पाच मिनिटांत पैसे खात्यात. गटाच्या अंतर्गत कर्जाला बैठक लागते, सह्या लागतात, इथे कोणाला सांगायलाही नको, म्हणून ते सोपं वाटतं. पण अशा ॲपला आपले कॉन्टॅक्ट कशाला हवेत? हप्ता चुकला की वसुलीचा फोन कर्ज घेणारीला एकटीला येत नाही. तो तिच्या नणंदेला जातो, गावातल्या दुकानदाराला जातो, मुलीच्या होणाऱ्या सासरी जातो. फोटोंची परवानगी दिली असेल तर फोटो बिघडवून सगळ्यांना पाठवू अशा धमक्या येतात.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये मोबाईलवरून कर्ज देणाऱ्यांसाठी नियम काढले. त्यात म्हटलंय की कर्जाच्या ॲपनं कर्जदाराचे कॉन्टॅक्ट, कॉलची यादी, फोटो आणि फाईली बघायच्या नाहीत. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, माईक किंवा लोकेशन लागलं तर ते एकदाच, आणि तेही तुमची स्पष्ट संमती घेऊन. म्हणजे कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट मागायला लागलं की तिथेच ओळखायचं, हे नियमातलं नाही. त्या चौकटीत टाका असलेलं बटण शोधायचं आणि तेच दाबायचं. आणि ॲपच काढून टाकलं तर उत्तम.

आधीच अलाऊ दाबून झालं असेल तर सेटिंगमध्ये जा, ॲप्स उघडा, त्या ॲपच्या नावावर दाबा, परमिशन्समध्ये जाऊन कॉन्टॅक्टसमोर डोन्ट अलाऊ करा. पुढची वाट बंद होते. आधी उचललेले नंबर मात्र परत येत नाहीत. धमक्या येत असतील किंवा पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा सरकारी नंबर आहे. घरात सांगायची भीती वाटत असेल तर आधी गटात सांगा. पण गप्प बसू नका.

काहीजणी म्हणतील, फोनची भाषाच मराठी करून टाकू, मग ही कटकट नको. जरूर करा. सेटिंगमधून भाषा बदलली की परवानगीची ही बटणं मराठीत येतात, आणि मी तर प्रत्येक प्रशिक्षणात ते करून देते. पण ॲपच्या आतलं लिखाण पुष्कळदा इंग्रजीतच राहतं, गिऱ्हाईकाचा मेसेज इंग्रजीत येतो, कंपनीतल्या मशीनवरची पाटी इंग्रजीत असते. तिची भाषा काही सेटिंगमधून बदलत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकायचा आग्रह धरला होता. तेव्हा मोबाईल नव्हता, पण इंग्रजीतला कागद पुढे आला की आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो, ही अडचण तेव्हाही असणारच.

टाका पडतो कुठे

मूळ शब्द दोन आहेत. ‘डू’ म्हणजे डी-ओ आणि ‘नॉट’ म्हणजे एन-ओ-टी. डू नॉट, करू नका. बोलताना घाईत ‘नॉट’मधला ओ गिळला जातो. लिहितानाही मग दोन्ही शब्द जोडून टाकतात, आणि जो ओ गेला त्याच्या जागी टाका घालतात. डी-ओ-एन-’-टी. ब्लाऊज सैल झाला की आपण तो बाजूनं आत घेतो. कापड आत जातं, बाहेर फक्त टाका दिसतो. तसाच शब्द आत घेतलाय. टाका दिसला की समजायचं, इथे अक्षर आत गेलंय.

म्हणून टाक्याची जागा ठरलेली आहे. तो दोन शब्दांच्या सांध्यावर येत नाही, अक्षर जिथून गेलं तिथेच येतो. भिंतीवरच्या रंगवलेल्या पाट्यांवर आणि व्हॉट्सॲपवर पुष्कळ ठिकाणी डी-ओ-’-एन-टी असं लिहिलेलं दिसेल. लिहिणाऱ्याला वाटतं, डू संपला, आता टाका. पण डू आणि एनच्या मध्ये काहीच गेलेलं नाही. गेलाय तो एन आणि टी यांच्यामधला ओ. बैठकीत हे फळ्यावर लिहून, ओ पुसून, त्याच जागी टाका घालून दाखवा. एकदा हातानं पुसलं की विसरत नाही.

आपण मराठीत हेच रोज करतो, फक्त टाका घालत नाही. ‘आला आहे’चं ‘आलाय’. ‘करते आहे’चं ‘करतेय’. ‘नको आहे’चं ‘नकोय’. ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. वरती मीच लिहिलंय, “एक चिन्ह घेतेय.” ते ‘घेते आहे’च आहे, मधलं गिळलेलं. मराठी ते गिळते आणि पुढे जाते, खूण ठेवत नाही.

स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हं आपल्याकडे इंग्रजीच्या नमुन्यावरून आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं ती मराठीत रुळवली. वरचा टाका मात्र आलाय-गेलायमध्ये कोणी वापरला नाही. तो आपल्याला दिसतो तो सालाच्या आकड्यात. ’७२ चा दुष्काळ असं छापलेलं बघितलं असेल. १९७२ मधले १९ आत गेले, त्यांच्या जागी टाका. उल्हास नदीच्या पुरानं बदलापूर बुडालं ती २६ जुलै ’०५, म्हणजे २००५. इथे २० आत गेले.

संस्कृतमध्ये अशाच कामाची वेगळी खूण आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला महाशिवरात्रीच्या जत्रेत गेलात तर स्तोत्रांच्या छोट्या पुस्तिका चाळून बघा. ‘सोऽहम्’सारख्या शब्दात मध्ये इंग्रजी एससारखं जे चिन्ह दिसतं, त्याला अवग्रह म्हणतात. मूळ ‘सः अहम्’. जोडताना ‘अ’ गेला, त्याच्या जागी ऽ बसला. त्याच चिन्हाला मराठीनं उलट कामाला लावलंय. ओढ्यापलीकडून हाक मारताना ‘अगंऽऽ’ लिहितो, तिथे काही गेलेलं नसतं, उलट आवाज लांबवलेला असतो.

शेवटी एन-’-टी म्हणजे नकार

आता कामाची गोष्ट. शब्दाच्या शेवटी एन-’-टी दिसलं की वाक्य नकाराचं आहे. बाकी एक अक्षर कळलं नाही तरी चालेल, हे कळलं पाहिजे.

इझन्ट, आय-एस-एन-’-टी, म्हणजे नाही. जुन्या फोनवर ॲप अडकलं की ‘इझन्ट रिस्पॉन्डिंग’ अशी चौकट येते. ती बघून एक ताई फोन घेऊन थेट दुरुस्तीवाल्याकडे निघाल्या होत्या. फोन बिघडलेला नव्हता. त्या वाक्याचा अर्थ इतकाच की हे ॲप सध्या उत्तर देत नाहीये. खाली ॲप बंद करायचं बटण असतं, ते दाबायचं आणि पुन्हा उघडायचं. दुरुस्तीवाल्याचे पैसे वाचले.

हॅवन्ट, एच-ए-व्ही-ई-एन-’-टी, म्हणजे अजून केलेलं नाही. ‘यू हॅवन्ट पेड’, तुम्ही पैसे भरलेले नाहीत. डिडन्ट, डी-आय-डी-एन-’-टी, म्हणजे केलं नाही, झालं नाही. डझन्ट, डी-ओ-ई-एस-एन-’-टी, म्हणजे ती किंवा तो करत नाही. शुडन्ट म्हणजे करायला नको. कुडन्ट म्हणजे जमलं नाही. यांची यादी पाठ करू नका, शेपूट बघा.

अंबरनाथ एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या तायांनी उद्या एक करा. पॅनेलवर, मशीनवर, केमिकलच्या पिंपावर जे लिहिलंय त्यात एन-’-टी किंवा सुटा एन-ओ-टी कुठे आहे ते शोधा. ‘डोन्ट टच’, हात लावू नका. पुष्कळ ठिकाणी ‘डू नॉट टच’ असं पूर्ण लिहिलेलं सापडेल. उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणणाऱ्या तायांना आतल्या कापडी लेबलवर ‘डू नॉट ब्लीच’ दिसेल. तिथे टाका नाही, कारण जिथे धोका किंवा नुकसान आहे तिथे शब्द आत घेत नाहीत, पूर्ण लिहितात. मला ही पद्धत बरी वाटते. नकार ठळक पाहिजे. मोबाईलवाल्यांनी बटणावरही तेच केलं असतं तर हा लेख अर्धा झाला असता.

दोन शब्द जरा वाकडे आहेत. पहिला कान्ट, सी-ए-एन-’-टी, म्हणजे करू शकत नाही. मूळ शब्द ‘कॅनॉट’, सी-ए-एन-एन-ओ-टी. इथे ओसोबत एक एनही गेलाय, पण टाका एकच. लिहिलेलं असेल तर टाक्यावरून कळतं, फोनवर बोलताना टाका ऐकू कसा येणार? कान द्या. होकाराला आपल्याकडे ‘कॅन’ म्हणतात आणि नकाराला बहुतेक जण ‘कान्ट’, आ लांब करून. ‘यू कॅन कम टुडे’, आज येऊ शकता. ‘यू कान्ट कम टुडे’, आज येऊ शकत नाही. खात्री वाटली नाही तर सरळ विचारायचं, “यस ऑर नो?” विचारण्यात कमीपणा नाही. बदलापूरला जाऊन-येऊन रिक्षाचं भाडं फुकट जाण्यापेक्षा बरं.

दुसरा वोन्ट, डब्ल्यू-ओ-एन-’-टी, म्हणजे करणार नाही. हा ‘विल नॉट’चा जोड आहे. मग विलचा वो कसा झाला? जुन्या काळच्या इंग्रजीत ‘विल’चं ‘वोल’ असंही रूप होतं, त्यावरून हा राहिला. आजीच्या तोंडचा एखादा शब्द घरात टिकतो तसा. पण याच्या शेजारी दुसरा एक शब्द राहतो आणि सगळा घोटाळा तिथे होतो. ‘वॉन्ट’, डब्ल्यू-ए-एन-टी, म्हणजे पाहिजे. एक पाहिजे, एक नको, आणि ऐकायला सख्ख्या जावा.

सोसायट्यांना जेवणाचे डबे देणाऱ्या एका गटाचं ऐका. रात्री मेसेज आला, ‘वी वोन्ट नीड टेन टिफिन्स टुमॉरो’. ताईंनी घाईत वॉन्ट वाचलं, दहा डबे पाहिजेत. पहाटे उठून पोळ्या लाटल्या, भाजी केली, डबे भरून रिक्षात घातले. वॉचमननं गेटवरच सांगितलं, मॅडम गावाला गेल्यात, डबे बंद आहेत. डबा ७० रुपयांचा. दहा डबे म्हणजे ७०० रुपये, रिक्षा वेगळी. गिऱ्हाईक खोटं बोललं नव्हतं, त्यांनी आदल्या रात्रीच नको म्हणून कळवलं होतं. त्या गटानं आता पद्धत लावलीय. ऑर्डरच्या प्रत्येक इंग्रजी मेसेजला उलट मराठीत उत्तर जातं, “उद्या १० डबे हवेत, बरोबर?” समोरून ‘यस’ आल्याशिवाय कणीक भिजवत नाहीत.

मेसेज लिहिणारे टाका गाळतात, हेही लक्षात ठेवा. घाईत डब्ल्यू-ओ-एन-टी असंच येतं. म्हणून या जोडीत टाक्यापेक्षा दुसरं अक्षर बघायचं. दुसरं अक्षर ओ असेल तर नको, ए असेल तर पाहिजे. आणि डी-ओ-एन-टी असं बिनटाक्याचं आलं तरी ते डोन्टच, नकारच.

बाकीचे टाके, थोडक्यात

सगळेच टाके नकाराचे नसतात. टाक्यानंतर एल-एल आलं तर तिथे ‘विल’ आत गेलंय, म्हणजे पुढे होणारी गोष्ट. ‘वी-ल कम’, आम्ही येऊ. टाक्यानंतर व्ही-ई आलं तर ‘हॅव’, म्हणजे झालेली गोष्ट. टाक्यानंतर आर-ई आलं तर ‘आर’, आणि एम आलं तर ‘ॲम’. ‘आय-म’, मी आहे.

यातही टाका गाळला की गंमत होते. डब्ल्यू-ई-’-एल-एल म्हणजे आम्ही करू. टाका काढा, झालं डब्ल्यू-ई-एल-एल, वेल, म्हणजे विहीर. एस-एच-ई-’-एल-एल म्हणजे ती करेल, टाका काढला की शेल, शिंपला. आय-’-एल-एल म्हणजे मी करेन, टाका काढला की इल, आजारी. मुलं व्हॉट्सॲपवर बिनटाक्याचंच लिहितात आणि एकमेकांना कळतंही. पण मुलगी ‘आय-ल कम’ लिहायला गेली आणि आईनं पोरगी आजारी पडली म्हणून धसका घेतला, असं व्हायला नको.

दोन टाके तर आपण रोज तोंडानं घालतो. ‘टेन ओ क्लॉक’ म्हणतो त्यातल्या ओनंतर टाका असतो. मूळ ‘ऑफ द क्लॉक’, घड्याळाप्रमाणे. आणि शाळेत मुलं बाईंना ‘मॅम’ म्हणतात, ते एम-ए-’-ए-एम, म्हणजे मॅडममधला डी आत घेतलेला. तुम्ही मला मॅडम म्हणता, तुमची मुलं मॅम म्हणतात. दोन्ही आत घेऊन नुसतं ताई म्हटलंत तर मला जास्त आवडेल.

टाक्यानंतर नुसता एस आला तर जरा थांबायचं, कारण त्याची कामं दोन. कधी तो ‘इज’ असतो, ‘शी-ज हिअर’, ती इथे आहे. कधी तो आपला ‘चा-ची-चे’ असतो. पॉन्ड्सच्या पावडरच्या डब्यावर, लेजच्या पाकिटावर, जॉन्सन्सच्या बाटलीवर बघा, शेवटच्या एसच्या आधी टाका सापडेल. ते पॉन्डचं, लेचं, जॉन्सनचं. तिथे शब्द आत गेलेला नाही, मालकी दाखवलीय. बॅनर करून घेताना ‘वुमेन्स ग्रुप’ लिहायचं असेल तर तोच टाका लागतो, डब्ल्यू-ओ-एम-ई-एन-’-एस. बॅनरवाला विसरतो, छापायच्या आधी नमुना बघून घ्या.

अर्जात शब्द आत घेऊ नका

बँकेला मराठीत अर्ज लिहिताना आपण “आम्हाला कर्ज पाहिजेय” लिहीत नाही, “पाहिजे आहे” असं पूर्ण लिहितो. गटाच्या ठरावात “ठरलंय” नसतं, “ठरले आहे” असतं. इंग्रजीतही तोच रिवाज आहे. अर्ज, ठराव, तक्रार, पावती यांत डोन्ट नाही, डू नॉट. कान्ट नाही, कॅनॉट. टाका बोलण्यातला आणि मेसेजमधला. ज्या कागदावर सही-शिक्का पडतो त्यावर शब्द पूर्ण असावेत. याचा फायदाही आहे, टाका कुठे घालायचा हा प्रश्नच येत नाही. दहावी-बारावीच्या ज्या मुली गटाचे इंग्रजी अर्ज लिहून देतात त्यांना हे सांगा.

एक प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. टाका चुकलेला मेसेज म्हणजे खोटा मेसेज का? नाही. खरी माणसंही टाका गाळतात, आणि फसवणारे अगदी शुद्ध इंग्रजी लिहू शकतात. ‘यू-व्ह वन’, म्हणजे वाय-ओ-यू-’-व्ही-ई आणि पुढे डब्ल्यू-ओ-एन, तुम्ही जिंकला आहात. टाका बरोबर जागी आहे, म्हणून बक्षीस खरं होत नाही. तिकीट काढलंच नाही तर जिंकलो कुठून? खरं-खोटं टाक्यावरून ओळखायचं नाही. टाक्यावरून फक्त हो की नाही ते वाचायचं. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हे आपण वर्षभर घोकतोय, इथे पुन्हा लिहिलं.

सराव

खाली सहा वाक्यं देते. एकीनं वाचायची, बाकीच्यांनी नुसतं हो की नाही सांगायचं. अर्थ नंतर.

यू कॅन पे टुमॉरो.
यू कान्ट पे हिअर.
डोन्ट शेअर ओटीपी.
वी वॉन्ट फाइव्ह किलो पापड.
वी वोन्ट टेक पापड धिस मंथ.
युअर फॉर्म इझन्ट कम्प्लीट.

उत्तरं अशी : हो, नाही, नाही, हो, नाही, नाही. अर्थ असे : उद्या पैसे भरू शकता. इथे भरू शकत नाही. ओटीपी सांगू नका. आम्हाला पाच किलो पापड हवेत. या महिन्यात आम्ही पापड घेणार नाही. तुमचा अर्ज पूर्ण नाही.

पाचव्या वाक्याला “हो” म्हणणाऱ्या तायांनी वोन्ट-वॉन्ट दहा-दहा वेळा वहीत लिहायचं. ज्यांना सहाही आले त्यांनी शेजारच्या गटाची बैठक घ्यायची.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं टाका असलेली एक तरी जागा शोधून तिचा फोटो आपल्या सीआरपी ताईंना पाठवायचा. फोनवरची चौकट चालेल, कंपनीतली पाटी चालेल, पावडरचा डबा चालेल. चुकीच्या जागी टाका असलेली पाटी सापडली तर ती आधी पाठवा. पुढच्या अंकात औषधाच्या पाकिटावरच्या तारखा घेऊ, त्यासाठी घरातली रिकामी पाकिटं फेकू नका.